मेंटेनन्सची वही

शुक्रवार. वसई पूर्वेच्या बऱ्याच गाळ्यांना आज सुट्टी, म्हणून आमची ड्युटी. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याची मशिनं थांबल्याशिवाय ती उघडायची कधी? सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन पापडीहून स्टेशनकडे निघालेला माणूस दिसला, तर तो बहुधा मेंटेनन्सवाला समजावा.

*

या खात्यात शिरायच्या वाटा दोन. एक आयटीआय : फिटर किंवा इलेक्ट्रिशियन, दोन वर्षं, पुढे अप्रेंटिसशिप. दुसरी डिप्लोमा, त्यासाठी वसईतच वर्तक पॉलिटेक्निक आहे. डिप्लोमावाला लवकर वर चढतो, आयटीआयवाल्याला आवाजावरून बेअरिंग कळतं. मॅनेजर व्हायचं तर इलेक्ट्रिशियनने हायड्रॉलिक शिकावं आणि फिटरने पॅनलचं ड्रॉइंग वाचावं. ‘ते माझं काम नाही’ म्हणणारा सुपरवायझरच राहतो.

*

पावसाळ्यात बरेच दिवस बंद असलेली मोटर थेट चालू करायची नाही. आधी मेगर लावून इन्सुलेशन मोजायचं. ४१५ व्होल्टच्या मोटरचं रीडिंग एक मेगओहमच्या खाली आलं, तर वाइंडिंगने ओल धरली आहे. कव्हर काढून आत बल्ब पेटता ठेवायचा. सकाळपर्यंत काटा बहुतेक वेळा चढतो. शेठला बल्बचं बिल दिसतं, वाचलेलं रिवाइंडिंग दिसत नाही. ते दाखवून देणं हेही मॅनेजरचंच काम.

*

जुलै २०१८ मध्ये वसई पाण्यात गेली, वीजही गेली. नवा पॅनल बसवताना माझा पहिला प्रश्न तेव्हापासून एकच : ओटा किती उंच?

*

एका पुलीवर तीन बेल्ट. एक तुटला, एकच बदलला. जुने दोन ताणलेले, त्यामुळे सगळा भार नव्यावर. तोही लवकरच गेला. बेल्ट बदलायचे ते सेटनेच. रात्री दोनला येऊन मशीन चालू करणाऱ्याची पाठ सगळे थोपटतात. तोच बेल्ट पुन्हा का तुटला, हे विचारणारा मात्र पुढे खुर्चीवर बसतो.

*

वसईच्या वाड्यांत पूर्वी विहिरींवर रहाट होते. गाडगं फुटलं की वाडीवालाच नवं बांधायचा, कुणाला बोलवायला जायचा नाही. जपानच्या निप्पॉनडेन्सोमधून १९७१ च्या सुमारास पुढे आलेलं टीपीएम, म्हणजे टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स, तरी वेगळं काय सांगतं? मशीन चालवणाऱ्यानेच ते पुसावं, तेल द्यावं, सैल नट आधी ओळखावा. ऑपरेटरला हे पटवता आलं, की निम्मं खातं सांभाळलं.

*

कागद. १९४८ च्या कारखाना कायद्याने लिफ्ट दर सहा महिन्यांनी, क्रेन आणि चेनब्लॉक वर्षातून एकदा तपासायची शिस्त लावली. मॅनेजर झाल्यावर तारखा आपल्या डोक्यावर. आणि कागदाच्याही आधी कुलूप : मशीनमध्ये हात घालायचा तर मेन स्विचला आपलं कुलूप, किल्ली आपल्याच खिशात. घाई शेठची असो की प्रॉडक्शनची, यात सवलत नाही.

*

नव्या पोरांसाठी. मोठ्या जागेच्या मुलाखतीत विचारतात, ब्रेकडाऊनचे तास किती कमी केलेत? हाताला कितीही कसब असलं तरी हा आकडा तोंडी सांगून कुणी मानत नाही. मशीनचं नाव, बंद पडल्याची वेळ, कारण, बदललेला पार्ट, चालू झाल्याची वेळ : पाच रकाने पुरे. कंपनीने दिली नाही तर आपल्या पैशाने वही घ्या, पण पहिल्या नोकरीपासूनच लिहायला लागा.