भिलाईहून भोपाळ : ताल, वारा आणि एक दोरी

भिलाईतल्या मुलांची पाण्याशी पहिली ओळख होते ती बहुधा मैत्री बागेत. भारत आणि सोव्हिएत रशियाच्या दोस्तीची आठवण म्हणून उभारलेल्या या बागेत प्राणी पाहायचे, तलावात नावेतून फेरी मारायची आणि भेळ खाऊन घरी यायचं. समुद्र मात्र फार लांब. त्यामुळे शिडाच्या फळीवर उभं राहून वाऱ्याबरोबर धावणारी माणसं दूरदर्शनवर पाहायची आणि 'हे आपलं काम नव्हे' असं म्हणून सोडून द्यायचं, अशीच सर्वसाधारण समजूत.

ती समजूत मोडायची असेल तर दुर्गहून अमरकंटक एक्स्प्रेस पकडावी. रात्रभराच्या प्रवासानंतर गाडी भोपाळला पोहोचते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळं होईपर्यंत भिलाईकरांचीही राजधानी हीच होती. तेव्हा लोक कचेरीच्या कामांसाठी येत. आता मुलांना घेऊन यावं ते बड्या तालासाठी.

अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीला बांध घालून हा तलाव केला, असं मानतात. शहराच्या काठावर उभं राहिलं की पश्चिमेकडे पाणीच पाणी दिसतं. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत त्याची नोंद झाली. भोपाळचा मोठा भाग आजही याच तलावाचं पाणी पितो. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या क्रूझ आणि मोटारबोटींवर बंदी आणली, ती त्यामुळेच. शिडाला ना डिझेल लागतं ना पेट्रोल! आणि योगायोग पाहा, त्याच महिन्यात चीनमधल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भोपाळच्या राष्ट्रीय सेलिंग स्कूलमध्ये तयार झालेल्या दोघांनी पदकं जिंकली. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर हिला लहान शिडाच्या नावेत रौप्य, तर इबाद अली याला विंडसर्फिंगमध्ये कांस्य. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर वाढलेली ही मुलं!

विंडसर्फिंग म्हणजे फळी आणि शीड यांचं लग्न. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८४ पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. या फळीला सुकाणू नसतं. डोलकाठी सर्व बाजूंना वळणाऱ्या सांध्यावर बसवलेली असते. शीड पुढे झुकवलं की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे झुकवलं की वाऱ्याकडे. वाऱ्याचा सगळा ओढा दोन हातांवर येतो. म्हणूनच शीड काठावर कसं बांधलंय, यावर सारं अवलंबून.

नवशिका चुकतो तो इथेच. शिडाच्या पुढच्या कडेच्या पोकळ खोळीतून डोलकाठी सरकवायची. शिडावर त्या कडेची लांबी छापलेली असते. समजा ती ४६० सेंटिमीटर आहे आणि डोलकाठी ४३० ची, तर खालचा जोडतुकडा ३० वर लावायचा. हा हिशेब चुकला तर पुढची सगळी मेहनत वाया. मग खालच्या कप्प्यांतून दोरी ओवायची. तिचे पदर एकमेकांवर आडवे जाता कामा नयेत, नाहीतर निम्मा जोर घासण्यातच जातो. हीच डाउनहॉलची दोरी, शीड खाली खेचणारी. जमिनीवर बसायचं, डोलकाठीच्या बुडाशी पाय टेकवायचा, दोरी एखाद्या दांड्याला गुंडाळायची, पाठ ताठ ठेवायची आणि पायाच्या जोरावर ओढायचं. नुसत्या मनगटाचं हे काम नाही.

किती ओढायचं? डोलकाठी धनुष्यासारखी वाकेपर्यंत आणि शिडाची वरची मागची कड ढिली पडेपर्यंत. इथेच मन कच खातं. टोकाकडचं कापड सैल, फडफडणारं दिसलं की वाटतं, काहीतरी बिघडलं. खरं तर तेच बरोबर! वाऱ्याचा झोत आला की हा सैल भाग उघडतो आणि जास्तीचा वारा निसटून जातो. वरपासून खालपर्यंत ताठ, देखणं शीड तो वारा धरून ठेवतं. मग दाबाचं केंद्र मागे सरकतं, मागचा हात खेचला जातो आणि माणूस पाण्यात. तलावावर हे फार जाणवतं, कारण भोवतीच्या टेकड्या-इमारतींवरून येणारा वारा समुद्रासारखा एकसारखा नसतो. क्षणात पडतो, क्षणात थप्पड मारतो.

डाउनहॉल कमी पडला की पुष्कळजण बूमच्या टोकाची दोरी, म्हणजे आउटहॉल, करकचून ओढतात. शीड सपाट दिसतं खरं, पण वरचं टोक तसंच घट्ट राहतं. रोग एक आणि औषध दुसरं! आधी डाउनहॉल, मग आउटहॉल, तोही थोडासाच. बूम खांदा ते हनुवटीच्या दरम्यान असावा. वारा वाढला तर आधी खालची दोरी बोटभर आणखी ओढून पाहावी, मंदावला तर तेवढीच सोडावी. या बोटभर फरकाने हातांना केवढा आराम मिळतो, हे पाण्यात उतरल्यावरच कळतं.

भोपाळला गेलात तर सकाळी श्यामला हिल्सच्या पायथ्याशी बोट क्लबकडे जावं. शीड नुसतं पाहायचं असलं, तरी आता नजर आपोआप त्याच्या टोकाकडे जाईल. स्वतः शिकायचं असेल तर पोहता येणं आणि अंगात जीवरक्षक जाकीट या दोन गोष्टींना सूट नाही. आणि परत काठावर आल्यावर उलट क्रम : आधी आउटहॉल सोडायचा, मग डाउनहॉल. खालची दोरी सैल केली की वाकलेली डोलकाठी सरळ होते, पट्ट्यांचा ताण उतरतो आणि शीड चटईसारखं गुंडाळून खांद्यावर घेता येतं.