हळदीची कॅसेट

आमच्या खानदानातल्या पोरांनी रॅपचा व्हिडिओ करायचे ठरवले, आणि तोही नव्वदच्या दशकातल्या कोकणी लग्नाच्या थाटात, तेव्हा आम्हा चुलतभावांना सल्ल्यासाठी बोलावणे आले. त्या काळातल्या कॅसेटी आमच्या कपाटात आहेत, हे खरे कारण. बैठक मुंब्र्यात. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबे इथे आली, त्यांत आमचेही.

पोरांनी यादीच आणली होती. दुबईचा टू-इन-वन, काळा गॉगल, सफारी सूट, हॅलोजन, कागदी पताका, ‘मुकाबला’वर नाचणारी टोळी. यादीत खोट काढण्यासारखे काही नव्हते. मे महिन्यात चाकरमानी रात्रीच्या एसटीने गावात उतरत (कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली ती १९९८ मध्ये), आखातातून रजेवर आलेल्याची बॅग उघडली की अर्धी मोहल्ला-बिरादरी गोळा होई, आणि १९९४ च्या तमिळ ‘कादलन’मधले ते गाणे हिंदीत आल्यावर आमच्याकडचा एकही मांडव त्यातून सुटला नाही. शूटिंगवाला खांद्यावर कॅमेरा घेऊन पुढे, मागे हॅलोजन उंच धरलेला पोऱ्या, त्याच्या मागे वायर सांभाळणारा दुसरा. नवरीचा चेहरा गुलाबाच्या फुलात बसवायचे पैसे वेगळे! तो गुलाब पोरांना हवाच होता. चित्र जुन्या टीव्हीसारखे चौकोनी ठेवायचे आणि कोपऱ्यात पिवळी तारीख टाकायची, यावर एकमत झाले.

पण ही सगळी बाहेरच्या अंगणातली, पुरुषांची मौज. लग्नाची खरी मैफल हळदीच्या रात्री आत बसे. आमच्या आया, फुप्या, खाला ढोलकीवर, ती नसली तर पालथ्या पातेल्यावर, आपल्या बोलीत गात. नवऱ्याच्या बहिणींची अशी काही खेचत की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. कॅसेटींमध्ये मात्र हे गाणे शोधून सापडत नाही. कोकणच्या दमट हवेत अर्ध्या कॅसेटींना बुरशी लागलेली, आणि ज्या चालतात त्यांत बाहेरच्या लाउडस्पीकरने आतला आवाज गिळलेला.

पोरांना आम्ही त्यांच्याच शास्त्रातला दाखला दिला. हिपहॉपचा जन्म मानतात तो ११ ऑगस्ट १९७३ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका पार्टीतला. डीजे कूल हर्कच्या बहिणीने, सिंडीने, शाळेच्या कपड्यांना पैसे जमवण्यासाठी ती ठेवली होती. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. जुन्या रेकॉर्डमधला ठेक्याचा तुकडा दोन टर्नटेबलांवर लांबवत नेणे ही हर्कची करामत. मग ज्यांना हर्क ठाऊक, त्यांनी आपल्या नानी-दादीचा ठेका का उचलू नये?

स्वच्छ आवाजाची एकच कॅसेट निघाली. धाकट्या चाचांच्या लग्नाची, मे १९९३. मुंबईत १२ मार्चला स्फोट झाले होते, त्याची स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरवली गेली होती, आणि आमचे गाव त्याच किनाऱ्यावरचे. वडीलधाऱ्यांनी ठरवले, निकाह होईल, पण लाउडस्पीकर नको, हॅलोजन नको, गाजावाजा नको. बायका तरीही गायल्या. कॅमेरा पुरुषांत होता, म्हणून चित्रात फक्त दारावरचा पडदा आणि पेट्रोमॅक्सचा उजेड. आवाज मात्र एकेक शब्द कळावा इतका स्पष्ट.

‘हा भाग पार्टीत कुठे बसतो?’ एका पोराने विचारले. बाकीची काही बोलली नाहीत, पण त्यांनी कॅसेट तीनदा मागे घेऊन ऐकली.

अडचणी दोन निघाल्या. आमच्यातल्या एका दीनदार भावाचे म्हणणे, बायकांचा आवाजही परद्यातला. वाद घालण्यापेक्षा गाणाऱ्यांनाच विचारावे म्हणून आम्ही फुपीकडे गेलो. त्या रात्रीच्या गाणाऱ्यांत आता त्या आणि आणखी एक खाला उरल्या आहेत. फुपींनी डोळे मिटून सगळे ऐकले आणि म्हणाल्या, ‘आवाज घ्या बाळांनो. पण गाणे पुरे वाजवा, मध्ये तोडू नका.’ आणि तुकडा तोडल्याशिवाय तर यांचे रॅप होत नाही!

दुसरी अडचण बोलीची. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये ‘आफत’चा व्हिडिओ आयपॅडवर काढला, तेव्हापासून गल्लीतल्या पोरांना धीर आला, आमची पोरेही त्याच मुंबईच्या हिंदीत लिहितात. चार ओळी तरी आपल्या कोकणीत हव्यात असा आम्ही हट्ट धरला. तेव्हा थोरला पुतण्या हळूच म्हणाला, ‘चाचा, बोली आम्हाला कळते. बोलता येत नाही.’ शेवटी त्यानेच तोड काढली. फुपींचे गाणे आधी पुरे वाजेल, चित्रात तेवढा वेळ पडदा आणि पेट्रोमॅक्स, कोपऱ्यात १९९३. रॅप त्यानंतर. चार ओळी लिहायला तो आता दर रविवारी फुपींकडे जाऊन बसतो. पहिल्या रविवारी त्यांनी त्याच्या दोन ओळी हसून खोडून टाकल्या.