भुताची फिर्याद

भूत-बित काही नसतं, हे मी नायगावच्या बीडीडी चाळीत आणि परळच्या सभांत घसा फोडून सांगितलंय. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातला मी. तरी एका भुताने मला गप्प केलं. तेही सिनेमातल्या.

सिनेमा 'कांचना'. राघव लॉरेन्सचा, २०११ चा, तमिळ. आमच्या एकशेसाठ फुटांच्या खोलीत तो टीव्हीवर आला तो हिंदीत बोलत. म्हातारी आई खाली बसलेली, मी आडवा. म्हटलं, बघू आणि नावं ठेवू. सुरुवात हसण्याचीच. चांगला बाप्या गडी, पण भुताला इतका भितो की रात्री लघवीला जायला आईला उठवतो. तो पोरांबरोबर एका पडीक जागेत क्रिकेट खेळतो. स्टंप जमिनीत ठोकतात. खाली प्रेतं पुरलेली.

मग उलगडतं. कांचना हिजडा. घरच्यांनी हाकललेली, एका मुसलमानाने सांभाळलेली. राबून आपल्यासारख्याच एका पोरीला डॉक्टर करते, गरिबांच्या दवाखान्यासाठी जागा घेते. आमदार ती जागा गिळतो. ती जाब विचारते. तिला, त्या मुसलमानाला आणि त्याच्या मतिमंद पोराला मारून तिच्याच जागेत पुरतात.

आई म्हणाली, "जिती व्हती तवा हिचं कुणी आयकलं न्हाई. मेल्यावर आरडती, तवा समदी आयकत्यात."

आणि मला आबा आठवले.

आबा गिरणीत रिंगखात्यात. त्यांच्या आधी आजोबाही तिथंच. साचेखात्यात पगार जास्त, पण आजोबांच्या काळी आपल्या लोकांना तिथं मज्जाव. धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, आणि आपली थुंकी सवर्णाच्या तोंडाला चालत नव्हती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी नेमकं यावर बोट ठेवलं होतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. आबा पुन्हा आत गेलेच नाहीत. पुढे ते रात्री तीनला उठून बसायचे. "भोंगा झाला, डबा दे." भोंगा केव्हाच बंद पडलेला. शेजारणीच्या सांगण्यावरून आईने लालबागच्या कुणा बाबाचा ताईत आणला. मी तो तोडून गटारात फेकला आणि आईला नको ते बोललो. मग मोर्चाला गेलो.

ताईत फेकला यात माझं चुकलं नाही. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, तेव्हा कुठे त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. तो हवाच होता. पण आबांना काय झालंय, हे बाबाने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते गेले तेव्हा उशाखाली गिरणीच्या हिशेबाचा कागद होता. घडी झिजून फाटलेला.

आता तिथली जमीन बघा. १९९१ च्या नियमात तिचे तीन वाटे होते. एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटे फक्त रिकाम्या जमिनीचे करायचे ठरले. गिरणीच्या इमारतींखालची जमीन मालकाच्या घशात. आज लोअर परळला मॉल आहेत. तिथं कुठंही स्टंप ठोका.

सिनेमात शेवटी भूतच आमदाराला मारतं, लोक टाळ्या वाजवतात. दोस्तांनो, आपल्याकडे आमदार भुताने मरत नाहीत. मेल्यावर फिर्याद लिहून घेणारं ठाणं कुठं नाही. जित्या माणसाचीच ऐकावी लागते. अंगात आलं म्हणणाऱ्या बाईची, रात्री भोंगा ऐकणाऱ्या म्हाताऱ्याची. भाषण नंतर.

सिनेमा संपला. मी टीव्ही बंद केला. आई अंधारातच बोलली, "ताईत फेकलास ते बरं केलंस. पर वाईच बापापाशी बसला असतास."