बदली

"शहाणा निघालास, नोकरी सोडली नाहीस!" हे अभिनंदन २०२५च्या ऑगस्टपासून कचेरीत, करी रोड स्थानकाच्या पुलावर आणि चाळीच्या गॅलरीत मी इतक्या वेळा निमूटपणे स्वीकारले आहे, की त्यापायी मनात साचलेला संताप एकदा कागदावर उतरवणे भागच आहे.

टाळेबंदीत मोबाइलवर पोकर शिकलो, पुढे पैसे लावू लागलो. दिवसा विम्याच्या कचेरीत कारकुनी आणि रात्री दहानंतर पत्ते असा दुहेरी संसार सुरू झाला. जिंकण्या-हरण्याचा जमाखर्च मी एका लाल बांधणीच्या वहीत तारीखवार, तासांसह लिहीत असे. २०२२च्या अखेरची बेरीज होती ६१० तास आणि निव्वळ प्राप्ती २,७४,५०० रुपये. राजीनाम्याचा मसुदा त्याच वहीत घडी घालून ठेवला होता.

ती वही माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या हाती लागली. अण्णा गिरणीच्या साचेखात्यात पाच वर्षे बदली कामगार होते. म्हणजे पाळी सुरू होण्यापूर्वी फाटकापाशी उभे राहायचे आणि कोणी गैरहजर असेल आणि जॉबरने, म्हणजे मुकादमाने, नाव पुकारले तरच त्याच्या साच्यावर जायचे. ते 'पर्मनंट' झाले तेव्हा आजीने चाळीत पेढे वाटले होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि अण्णा पुन्हा कधीच साच्यावर गेले नाहीत.

चष्मा कपाळावर सारून, वही डोळ्यांजवळ धरून त्यांनी पेन्सिलीने समासात भागाकार केला.

"ताशी साडेचारशे. पगाराचे ताशी किती पडतात?"

"दोनशेतीस."

"म्हणजे जवळजवळ दुप्पट." मग त्यांचे बोट सप्टेंबरवर थांबले : ९० तास, तोटा ६१,०००. "या महिन्यात फाटक बंद होतं वाटतं?"

"पत्ते वाईट येत होते, अण्णा. मी बरोबरच खेळत होतो."

"बदलीवाल्यालाही काम येत असे रे. जॉबर नाव पुकारत नसे. फंड कापतात का?"

"नाही."

"मग बदलीच."

मला राग आला. "तुमची पर्मनंट तरी कुठे टिकली?" असे मी बोलून गेलो, आणि जीभ चावली. अण्णा शांतपणे म्हणाले, "ती टिकली नाही म्हणून बदली चांगली, असं कुठे ठरतं?" वही मिटून त्यांनी माझ्या हाती दिली. मसुदा त्यांनी वाचला होता की नाही, मी आजतागायत विचारलेले नाही.

मी निर्णय लांबणीवर टाकला. १ ऑक्टोबर २०२३पासून खेळासाठी भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला आणि वहीतली प्राप्ती आटली. नंतर २०२५च्या ऑगस्टमध्ये, गणपतीला आठवडा उरला असता, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने मंजूर केला. त्यात कौशल्य आणि नशीब असा भेदही ठेवला नाही. रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले होते, इथून हाकेच्या अंतरावरील महालक्ष्मीला घोड्यांवर राजरोस पैसे लागतात, आणि ज्या लॉटरीत अकलेचा काडीचाही संबंध नाही तिची तिकिटे महाराष्ट्र सरकार १९६९पासून स्वतः विकत आले आहे. जुगारी मात्र मी!

पण खरी बोच ती नव्हे. एक्क्यांची जोडी हाती असताना सर्वस्व लावणारा इसम शेवटच्या पानावर हरला म्हणून मूर्ख ठरत नाही, आणि सत्ती-दुर्री घेऊन जिंकणारा शहाणा ठरत नाही, हा या खेळाचा पहिला धडा. मी नोकरी धरून राहिलो तो घराच्या हप्त्यांपायी आणि भित्रेपणापायी. कायदा येणार हे मला स्वप्नातही दिसले नव्हते. लोक माझ्या सत्ती-दुर्रीला दाद देत आहेत. तरुणांना एवढेच सांगेन, की खेळ कोणताही असो, वही ठेवा आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला असल्याखेरीज राजीनामा लिहू नका. अर्थात हा सल्ला मीही मानला नसता.

आणि तरीही, खेळ बंद पडला त्या पहिल्या रात्री मी दहाच्या ठोक्याला अंथरुणावर पडलो तो सकाळी स्टोव्हच्या आवाजानेच जागा झालो. अशी झोप पाच वर्षांत लागली नव्हती. मला तिचाही राग येतो.