गाजराची पुंगी

वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, असा न्याय आमच्या पूर्वजांनी गाजराच्या पुंगीस लावून ठेवला आहे. आमच्या घरी मात्र आधी वाजू लागली ती आमची छाती. महाविद्यालयाचा दुसरा मजला चढून वर्गात शिरल्यावर हजेरीची पहिली दहा नावे आम्हांस सलग उच्चारता येईनात, आणि मुलेही आदबीने न पाहिल्यासारखे करू लागली, तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आम्हांस एका नळीत जोराने फुंकावयास लावले, आकडा पाहिला, आणि सिगारेट किती वर्षे ओढता, एवढेच विचारले. तीस वर्षे, असे उत्तर देताना आम्ही खिडकीबाहेर पाहत होतो.

शहाण्या मनुष्याने त्याच दिवशी पाकीट फेकून दिले असते. आम्ही मंडईत जाऊन गाजरे आणली. भाजीपाला व फळे भरपूर खाणारांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, आणि गाजराला नारिंगी रंग देणाऱ्या कॅरोटीनाचे रक्तातील प्रमाण ज्यांचे अधिक त्यांच्यात तो विशेष कमी, असे आम्ही वाचले होते. तेव्हा सकाळी सिगारेट आणि दुपारी कोशिंबीर, असा जमाखर्च आम्ही मांडला. तडजोड ही सुशिक्षितांची खास विद्या आहे! घरात काही बोलणे झाले नाही. गाजरे किसणे, दाण्याचे कूट घालणे, वर मोहरीची फोडणी देणे हे सर्व रोज मुकाट्याने होई. फक्त ताटाजवळ ठेवताना वाटीचा आवाज जरा मोठा होई. पुढे आम्ही कॅरोटीनाच्या गोळ्यांची बाटलीही आणली. गोळीला किसणी लागत नाही.

ती बाटली संपण्यापूर्वी फिनलंडमधील एका प्रयोगाची हकीकत आमच्या वाचनात आली. ती १९९४ सालीच प्रसिद्ध झालेली. आमच्यापर्यंत पोहोचावयास तिला इतकी वर्षे लागली. ५० ते ६९ वयाचे २९,१३३ धूम्रपानी पुरुष, म्हणजे आमचीच जात. त्यांतील निम्म्यांस ५ ते ८ वर्षे रोज २० मिलिग्रॅम कॅरोटीन दिले. कर्करोग कमी व्हावा, तो कॅरोटीन घेणारांत १८ टक्क्यांनी अधिक निघाला. अमेरिकेतील असाच दुसरा प्रयोग १९९६ साली मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. आणि ह्याच फिनिश पुरुषांपैकी ज्यांच्या मूळच्या आहारात कॅरोटीन अधिक होते, त्यांच्यात रोग कमीच होता. गाजर निर्दोष होते. भाजी खाणारा मनुष्य आणखी पुष्कळ काही खात असतो व पुष्कळ काही टाळत असतो. त्याच्या ताटातले एकच द्रव्य उचलून धूर ओढणाराच्या पोटात घातल्याने ती पुण्याई बदलून मिळत नाही.

हे सर्व आम्ही सौभाग्यवतींस वाचून दाखविले. "मग आता?" एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही बाटली व पाकीट दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली. गोळ्या केरात गेल्या. सिगारेटी त्यांनी एकेक मोडून मोरीत भिजविल्या.

ह्या गोष्टीस आता चौदा महिने झाले. हजेरी घेताना अजूनही मध्ये थांबावे लागते. गेलेला श्वास सगळा परत येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. कोशिंबीर चालू आहे. कूट तेवढे पूर्वीपेक्षा अधिक पडते.