वेदनेच्या समीक्षेत आनंदाची जागा

दलित साहित्याच्या चर्चेत 'आनंद' या शब्दाकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले, आणि या संशयाला सबळ कारण होते. साहित्याचे प्रयोजन आनंद, असे संस्कृत काव्यशास्त्रापासून आधुनिक मराठी सौंदर्यमीमांसेपर्यंत वेगवेगळ्या परिभाषेत सांगितले जात होते. मात्र हा आनंद घेणारा रसिक कोण आणि ज्याच्या जगण्याच्या वर्णनातून तो घेतला जातो तो कोण, हा प्रश्न विचारण्याची गरज त्या मीमांसेला वाटली नव्हती. गावकुसाबाहेरच्या उपासमारीचे चित्रण वाचून कोणाला ब्रह्मानंदसहोदर अनुभव येत असेल, तर त्या अनुभवाचीच तपासणी केली पाहिजे, ही दलित समीक्षकांची भूमिका रास्त होती. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात ती रोखठोकपणे मांडली गेली. तिच्याविषयी आज वाद घालण्याचे प्रयोजन नाही.

प्रश्न वेगळा आहे. रसिकाचा आनंद नाकारताना जगणाऱ्या माणसाचा आनंदही नजरेआड झाला. वेदना, विद्रोह आणि नकार ही त्रयी आरंभी शोधक होती. पुढे ती विद्यापीठीय प्रश्नपत्रिकेतील टीप झाली. ज्या वस्तीत वेदना होती त्याच वस्तीत लग्ने लागत होती, बारशी होत होती, चावडीच्या माराची नक्कल करून लोक पोट धरून हसत होते, या वास्तवाला त्या त्रयीत घर मिळाले नाही. दलित आत्मकथनांत हे हसू विपुल आहे. त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी मात्र ते बहुधा ओलांडून पुढे जाणेच पसंत केले.

या संदर्भात कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याशी मराठीने जोडलेले नाते पुन्हा पाहण्यासारखे आहे. हे नाते ज्या ठिकाणी विचारपूर्वक जुळले, त्यांत औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, स्थान महत्त्वाचे आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले; त्याला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे याच मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या लेखनाचा दाखला येथील तरुण लेखकांपुढे त्यांनी ठेवला. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' याच शहरातून निघाले. जनार्दन वाघमारे यांचा 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ १९७८ साली आला. शीर्षकातील शब्द आज कोणी वापरणार नाही, पण मराठी वाचकाला त्या जगाचा सविस्तर परिचय या ग्रंथाने करून दिला. तत्पूर्वी १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली होती आणि सहा वर्षांपूर्वी ओकलंडमध्ये जन्मलेल्या संघटनेचे नाव मराठी मुलांच्या तोंडी आले होते.

या देवघेवीत नाव आले, घोषणा आली, संताप आला. त्या वेळी तेच हवे होते. परंतु त्या समाजाने आपली जखम कशाने धुतली, ती गाणी, ते रविवारचे चर्च, तो स्वयंपाक, ती टवाळी, यांचा उल्लेख पार्श्वभूमीपुरताच राहिला. वस्तुतः डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात प्रकरणांच्या माथ्यावर गुलामांच्या गीतांच्या स्वरावली छापल्या आणि शेवटचे प्रकरण त्या गीतांनाच दिले. ज्या ड्यूबॉइसना १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिले, तेच हे ड्यूबॉइस. समाजशास्त्रज्ञाला आपल्या लोकांचा इतिहास सांगताना गाण्याकडे जावे लागले, ही बाब मराठी चर्चेत जेवढी रुजायला हवी होती तेवढी रुजली नाही.

तिकडेही हा प्रश्न सहज सुटलेला नव्हता. झोरा नील हर्स्टन यांची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी १९३७ साली प्रसिद्ध झाली. फ्लॉरिडातील कृष्णवर्णीयांच्या गावात ओट्यावर बसून गप्पा छाटणारी माणसे, त्यांची बोली, एका बाईचे प्रेम आणि तिचे स्वतःला सापडणे, हा तिचा विषय. रिचर्ड राइट यांनी त्याच वर्षी तिच्यावर कठोर टीका केली. गोऱ्या वाचकाला ज्या हसऱ्या कृष्णवर्णीयाची सवय आहे, तोच येथे पुन्हा उभा केला आहे, असा तिचा रोख होता. राइट यांचे भय निराधार नव्हते. तोंडाला काजळी फासून गुलामाच्या हसण्याची नक्कल करणारे गोऱ्यांचे खेळ अमेरिकेने शतकभर पाहिले होते. मळ्यातला गुलाम सुखी होता, हे सांगण्यासाठीच ते हसू वापरले गेले होते. पण परिणाम असा झाला की हर्स्टन विस्मृतीत गेल्या आणि १९६० साली निधन झाल्यावर त्यांची कबर बेनाव राहिली. १९७३ साली अॅलिस वॉकर यांनी ती शोधून तिच्यावर दगड बसवला. पुढे १९८७ साली टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड' मध्ये गुलामगिरीतून सुटून आलेली म्हातारी आपल्या लोकांना रानातल्या मोकळ्या जागेत जमवते आणि मुलांना हसायला, पुरुषांना नाचायला, बायांना रडायला सांगते. हळूहळू कोण हसते, कोण नाचते, कोण रडते हे वेगळे उरत नाही. ज्या कादंबरीत एक आई मुलीला गुलामीत परत जाऊ देण्यापेक्षा मारते, त्याच कादंबरीत हे रान आहे.

राइट यांच्या भयाला मराठीत समांतर आहे, आणि ते तमाशात सापडते. महार-मांगांच्या फडांनी शतकानुशतके दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी नाचावे-गावे, हा गावगाड्याचाच भाग होता. त्या आनंदाचा मालक वेगळा होता. म्हणूनच आंबेडकरी जलशांनी, विशेषतः भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी, तमाशाचे वाद्य, गळा आणि विनोद ठेवले, पण गण-गौळणीचा साचा मोडला आणि समोरचा प्रेक्षक बदलला. गाणारा आणि ऐकणारा एकाच वस्तीचे झाले. हा बदल केवळ आशयाचा नाही. आनंद कोणाच्या मालकीचा, या प्रश्नाचे ते उत्तर आहे, आणि दलित साहित्याच्या सौंदर्यविचाराला येथून आरंभ करता आला असता. लोकरंजनाचे साधन प्रबोधनासाठी वापरले, एवढ्या एका वाक्यावर जलशांची बोळवण केली जाते, ती अपुरी आहे.

नागसेनवनाचा इतिहासही याच दृष्टीने वाचता येतो. म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर आणले; १९५६ साली नागपुरात धर्मांतरासाठी जमलेल्या जनसमुदायापुढेही ते झाले. 'अस्मितादर्श'ने लेखक-वाचकांची जी वार्षिक जमवाजमव सुरू केली, तिला 'संमेलन' न म्हणता 'मेळावा' म्हटले. त्या शब्दात भेटीगाठी आहेत, एका पंगतीत जेवणे आहे. नागसेनवनात साठच्या दशकात शिकलेले एक निवृत्त शिक्षक वसतिगृहाची आठवण काढतात तेव्हा प्रथम बोलतात ते रात्री अंगणात म्हटलेल्या गाण्यांविषयी आणि पहिल्यांदा पायांत घातलेल्या बुटांनी पडलेल्या फोडांना मित्र कसे हसले त्याविषयी. उपासाचे दिवस नंतर येतात, तेही न विसरता. दोन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगितल्या जातात.

या शिक्षकांच्या आईविषयी येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाड्यातील गावागावांत दलित वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांचे बळी गेले. या बाईचे घरही त्यात जळाले. एक रांजण, दोन पातेली आणि जात्याची एक पाळी, एवढेच उरले. पुढची सोळा वर्षे मोर्चे निघाले, १९७९ चा लाँग मार्च निघाला, नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्यानंतर दरवर्षी संक्रांतीच्या दिवशी ती मुलाकडे एकच हट्ट धरी, 'गेटावर ने.' विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी त्या दिवशी गावोगावचे लोक जमतात. पांढरी लुगडी, निळे झेंडे, पुस्तकांची आणि कॅसेटींची, पुढे सीडींची दुकाने, पिठलं-भाकरीच्या शिदोऱ्या. तिला अक्षर येत नव्हते. द्वारासमोर उभी राहून ती म्हणे, 'वाच की रं.' शिक्षक नाव वाचत. 'आणिक एकदा.' ते पुन्हा वाचत. मग ती हसे, बरोबरीच्या बायांकडे वळे आणि त्या सगळ्या गोल करून गाऊ लागत. जळालेल्या घराचा विषय त्या दिवशी निघत नसे असे नाही. निघे, पण गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये, पाणी पिता पिता.

तिच्या या गाण्याला समीक्षेच्या कोणत्या कोठडीत ठेवायचे? तो विद्रोह नव्हता, नकारही नव्हता. वेदनेचे विस्मरण तर नव्हतेच. सतत उगाळलेली वेदना आणि विसरलेली वेदना यांच्या मधली जी जागा आहे, तीत माणूस बरा होतो, आणि तो एकटा बरा होत नाही. अमेरिकेत १९ जून हा दिवस असाच पाळला जातो. गुलामगिरी संपल्याची वार्ता १८६५ साली त्या दिवशी टेक्ससमधील गॅल्व्हेस्टनला पोहोचली, फार उशिरा. २०२१ साली तो राष्ट्रीय सुटीचा दिवस झाला, पण त्याआधी दीड शतक लोक तो जेवणाच्या पंगती मांडून आणि गाऊन साजरा करत आले होते. उशिरा मिळालेल्या न्यायाचाही आनंद होऊ शकतो, आणि तो आनंद उशिराला क्षमा करतोच असे नाही.

या शहराला कृष्णवर्णीय इतिहास उसना आणण्याची तशी गरजही नाही. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि १६१० साली त्याने खडकी वसवली. तीच पुढची फतेहनगर, औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. जहांगीराने त्याच्या रंगावरून त्याला आत्मचरित्रात शिव्या दिल्या आणि त्याच्या तुटलेल्या मस्तकावर आपण बाण सोडत आहोत, असे चित्रही काढून घेतले. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. अंबरने डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले, लोकांनी शतकानुशतके ते प्यायले, आणि १६२६ साली मरण पावल्यावर तो खुलताबादेत विसावला. त्याच्यासारख्याच आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, गुजरातेतले सिद्दी, रतनपूरच्या बावा गोरच्या दर्ग्यात ढोलाच्या तालावर गोमा नाचतात, आणि मनाने मोडलेली माणसे तेथे बरी होण्यासाठी आणली जातात. नाच आणि उपचार यांत त्यांनी भिंत घातलेली नाही.

मराठवाड्याच्या बायांनीही ती घातली नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत माजलगावच्या भीमनगरातील ओव्या आहेत. तेथे बाबासाहेब भाऊ आहेत, बाप आहेत, माहेर आहेत. वामनदादा कर्डक यांनी मोठेपणी अक्षरे गिरवली आणि हजारो गाणी लिहिली. ती वर्तमानपत्री कागदावरच्या पुस्तिकांतून आणि त्याहून अधिक तोंडातोंडी पसरली. आज याच शहराच्या चिकलठाणा भागात राहणाऱ्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गातात. एकतारीचे गाणे त्यांना वडिलांकडून मिळाले. नवरा गेल्यावर मुलांना वाढवण्यासाठी त्या दारोदार गात हिंडल्या. नंतर कोणी मोबाइलवर टिपलेले त्यांचे गाणे महाराष्ट्रभर गेले. त्यांच्या स्वरात कारुण्य आहेच, पण त्या करुणा मागत नाहीत. आपल्याला काय मिळाले, याची मोजदाद करतात, आणि ती मोजदाद ऐकणाऱ्या बाईला आपलीच वाटते.

अर्थात प्रत्येक उत्सव बरे करतो असे मानण्याचे कारण नाही. जयंतीच्या मिरवणुकीत भिंती हादरवणारा डीजे आणि त्यावर पुढाऱ्याचे छायाचित्र, यात जलशातला सामायिक आनंद किती उरला, हे विचारलेच पाहिजे. तो आनंद पुन्हा दुसऱ्याच्या मालकीचा होऊ लागला आहे काय, हा राइट यांचाच प्रश्न आहे. मात्र तो विचारण्यासाठी भीमगीत ऐकलेले असावे लागते, त्याचे चांगले-वाईट ओळखता यावे लागते, वामनदादांचे कोणते गाणे कच्चे आणि कोणते अभंग हे सांगता यावे लागते. मराठी समीक्षेने ही तयारी अजून केलेली नाही. गाण्यांच्या पुस्तिका ग्रंथसूचीत क्वचितच नोंदवल्या जातात, कॅसेटींच्या फिती बुरशीने चिकटत आहेत, आणि प्रवेशद्वाराशी गोल करून गाणाऱ्या बायांपैकी दरवर्षी काही जणी येत नाहीत. शिक्षकांच्या आईलाही जाऊन आता काही वर्षे झाली. तिला साताठ गाणी पाठ होती. त्यांपैकी तीन मुलाने वहीत उतरवून घेतली आहेत, आणि दोन अशी आहेत की त्यांचा कर्ता कोण हे कोणालाच सांगता येत नाही.