जामखेडचे विमान

दिवाळीत कुठे जाणार, असे कोणी विचारले आणि आपण 'महाबळेश्वर' म्हटले, की विचारणाऱ्याचे समाधान होते. गेल्या वर्षी मी 'जामखेड' असे उत्तर दिले. शेजारचे गृहस्थ क्षणभर गप्प राहिले आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरात कोणी आजारी आहे का?"

आजारी कोणी नव्हते. निदान तेव्हा तसे वाटत नव्हते. जामखेडला माझी थोरली बहीण दिलेली आहे. वस्ती गावाबाहेर, दहा-बारा एकर कोरडवाहू जमीन, एक विहीर, दोन म्हशी आणि एक मुलगा. हा मुलगा इंजिनिअर. पुण्याची नोकरी सोडून तो गावी परतला आणि फवारणीची यंत्रे दुरुस्त करण्याचे दुकान घालून बसला. इथवर ठीक होते. पण दसऱ्यानंतर अक्काचा फोन आला.

"अरे, तुझा भाचा विमान करतोय."

"कागदाचं?"

"लोखंडाचं! शेडमधे बसून रात्रंदिवस तेच. तू ये भाऊबीजेला आणि चार शब्द सांग त्याला. तुझं ऐकतो तो."

माझ्या स्वतःच्या घरात माझे कोणी ऐकत नाही. त्यामुळे हे शेवटचे वाक्य मला फारच गोड लागले आणि मी निघालो.

पुण्याहून नगरपर्यंतचा रस्ता म्हणजे एसटीचे जन्मस्थान. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी याच मार्गावर धावली. नगर जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण कंडक्टरच्या तोंडी अजून 'नगर'च आहे. नगर सोडले की चिचोंडी पाटील, कडा, आष्टी अशी गावे लागतात आणि गंमत अशी, की एका जिल्ह्यातून त्याच जिल्ह्यात जाताना मधे बीड जिल्ह्यात पाहुणचार घ्यावा लागतो. आष्टीपर्यंत २०२२ साली रेल्वेही आली. पुढे जामखेडपर्यंत मात्र आपली लाल गाडीच खरी.

दिवाळीच्या सुमारास हा मुलूख आपल्या वर्षातल्या सर्वांत चांगल्या कपड्यांत असतो. ज्वारी गुडघ्याला लागलेली, तुरीला पिवळी फुले, आणि माळावरचे गवत अजून पूर्ण वाळलेले नसते. तालुका दुष्काळी खरा; पण नावे ऐकावीत तर छाती दडपते. चौंडी इथलीच, १७२५ साली अहिल्याबाई होळकर जिथे जन्मल्या ती. खर्डा इथलेच, १७९५ साली पेशव्यांच्या झेंड्याखाली सारे मराठे सरदार शेवटचे एकत्र आले आणि निजामाला हरवून गेले ते. पण शाळेत या लढाईचे सन पाठ करताना ते गाव एसटीच्या पाटीवर वाचायला मिळेल असे कुठे वाटले होते!

वस्तीवर पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. दाजींनी माझी पिशवी घेतली आणि नुसतेच म्हणाले, "शेडमधे आहे." एवढ्या दोन शब्दांत बापाचे वर्षभराचे बोलणे होते.

पत्र्याच्या शेडमधे ट्रॅक्टरच्या शेजारी ते उभे होते. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, एकच आसन, आणि नाकाशी लाकडी पंखा. चेष्टा करण्याची माझी तयारी होती, पण ती जागच्या जागी विरली. वस्तू देखणी होती. इंजिन एका जुन्या मोटारीचे, चार नळकांड्यांचे, पाण्याऐवजी हवेने थंड होणारे. जगभरचे हौशी विमानकर्ते अशी मोटारींची इंजिने वापरत आले आहेत, असे भाच्याने सांगितले.

जेवताना मी मोहीम सुरू केली. म्हटले, "अरे, घरी का कोणी विमान करतं?"

"मामा, कांदिवलीच्या गच्चीवर झालंय की!"

आणि ते खरे होते. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली वांद्र्याच्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले, २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली आणि उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ साल उजाडले. "म्हणजे विमान बांधणं सोपं, कागद अवघड," दाजी म्हणाले. भाचा म्हणाला, "कागद मिळेपर्यंत चाक जमिनीवरून उचलायचं नाही, हे आईला कबूल केलंय. पण दादा, माझं अजून कागदापाशी आलेलंच नाही. माझं घोडं इंजिनाच्या तापापाशी अडलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो ताप डोळ्यांनी पाहिला. विमानाची शेपटी शेडमधल्या खांबाला दोरखंडाने बांधली, नाक दाराकडे. पंखा फिरला, म्हशी दावे तोडायला निघाल्या, आणि तापमापकाचा काटा चढू लागला. भाच्याने स्वतःला २०० अंशांची मर्यादा घातली होती. सातव्या मिनिटाला मागच्या डाव्या नळकांड्याने ती ओलांडली आणि त्याने इंजिन बंद केले. पुढची दोन नळकांडी मात्र खुशाल होती.

वाचकहो, इंजिन म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळले. आपण पेट्रोल घालतो त्यातला ढोबळमानाने तिसरा हिस्सा कामाला येतो. तिसरा हिस्सा उष्णतेच्या रूपाने धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला इंजिनाच्या अंगात मुरतो. तो काढून घेतला नाही तर धातू हळूहळू आपली ताकद सोडतो. मोटार तापली तर आपण झाडाखाली थांबतो आणि बॉनेट उघडतो. आकाशात झाड कुठले!

हे दुखणे विमानाइतकेच जुने आहे. राईट बंधूंचे १९०३ सालचे इंजिन त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर या कारागिराने सहा आठवड्यांत केले. सुरू होताना ते सोळा अश्वशक्ती देई आणि मिनिटभरात तापून बारावर येई. सुदैवाने पहिले उड्डाण बाराच सेकंदांचे होते! पुढे पहिल्या महायुद्धात तर अशी विमाने निघाली, की हवा मिळावी म्हणून पंख्याबरोबर सबंध इंजिनच गरगर फिरे.

"मी पुढची भोकं दोनदा मोठी केली," भाचा सांगत होता, "तरी काटा हलत नाही."

अक्का चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "चूल धुमसते ती पुढून वारा कमी म्हणून का? धुराडं कोंदलं की धुमसते."

आम्ही हसलो. भाचा मात्र हसता हसता थांबला आणि विमानाच्या नाकाखाली वाकून बघू लागला.

त्या दुपारी तो मला सौताड्याला घेऊन गेला. विंचरणा नदी तिथे एकदम कड्यावरून खाली उडी घेते, आणि खोल दरीत रामेश्वराचे देऊळ आहे. असे ठिकाण मुंबईजवळ असते तर एव्हाना तिथे भेळेच्या गाड्यांची रांग लागली असती. पण भाच्याचे लक्ष धबधब्यात नव्हते. तो कपाळ चोळत बसला होता. "आठवडाभर डोकं दुखतंय," तो म्हणाला, "जागरणानं असेल." मला आठवले, की सकाळी इंजिन चालू असताना मी पाच मिनिटे त्या आसनावर बसलो होतो, आणि माझेही डोके जड झाले होते. मी त्याचा दोष प्रवासाला दिला होता.

संध्याकाळी फराळाच्या मदतीला शेजारच्या वस्तीवरच्या मावशी आल्या. वय सत्तरीच्या पुढचे. जामखेडचे नाव ज्यांनी जगभर नेले त्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अक्षरओळख नसलेल्या खेड्यातल्या बायकांना त्यांनी बाळंतपण, जुलाब, खोकला यांचे शास्त्र शिकवले आणि गावाचे आरोग्य त्यांच्या हाती दिले. या कामासाठी १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मावशी त्या बायकांपैकी एक. चकल्या पाडता पाडता त्यांनी भाच्याकडे पाहिले.

"कधी दुखतं डोकं?"

"दिवसभर."

"दिवसभर कसं? सकाळी उठल्यावर असतं?"

"नाही."

"शेतात गेल्यावर?"

"शेतात... नाही. बरं वाटतं."

"आन् त्या शेडात शिरलं की पुन्हा. मळमळतं?"

भाचा काही बोलला नाही. मावशी सोऱ्या बाजूला ठेवत म्हणाल्या, "बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेली माणसं मी पाहिलीत, बाळा. धूर दिसत नाही. सकाळी उठत नाहीत."

स्वयंपाकघरात तेलाचा आवाज तेवढा राहिला. अक्काने गॅस बंद केला. तिला पहिल्यांदाच कळले, की मुलाला धोका आकाशात नव्हता. तो घराच्या पाठीमागे, शेडमधे होता. आणि चेष्टेने सगळे नेणारा मी त्या रात्री झोपू शकलो नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्ताला प्राणवायूची जेवढी ओढ, तिच्या दोनशेपटीहून अधिक ओढ या वायूची. शेडमधे डोके दुखून सुटले. हजार फुटांवर माणसाला आधी झोप येते.

सकाळी अक्का म्हणाली, "तू सांग त्याला, बंद कर म्हणून." मी शेडमधे गेलो. तिथे भाचा लोहाराकडून आणलेला भात्याचा पंखा धूर जायच्या नळीला जोडत होता. इंजिन गार होते. पंख्याने नळीत वारा भरला आणि तिच्या अंगावर त्याने रिठ्याचे पाणी फासले. क्षणभर काही झाले नाही. मग एका सांध्याशी बुडबुड्यांचे झुबके फुलू लागले. वस्तीवरची पोरे टाळ्या पिटू लागली. त्या सांध्याला केसाएवढी चीर होती.

चीर का पडली? या नळीतून सात-आठशे अंशांचा वायू जातो. ती तापून लांबते, आणि इंजिनाबरोबर थरथरतेही. भाच्याने तिचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे विमानाच्या सांगाड्याला घट्ट आवळले होते. एक हलतो, दुसरा हलू देत नाही, अशा दोघांच्या मधे सापडलेल्याचे जे होते तेच नळीचे झाले. शिवाय इंजिन आणि आसन यांच्या मधल्या पत्र्याला तारा नेण्यासाठी पाडलेली भोके उघडीच होती. धूर तिथून आत येत होता.

'बंद कर' हे शब्द माझ्या तोंडून आले नाहीत. मी म्हणालो, "पाना दे इकडे."

दुधाच्या टाक्यांना आर्गॉनचे वेल्डिंग करणारा एक कारागीर गावात निघाला. त्याने स्टेनलेस स्टीलची नवी नळी करून दिली. तिला मधे सरकता सांधा ठेवला आणि तिचा सारा भार इंजिनावरच टांगला. सांगाड्याशी तिचा संबंध ठेवला नाही. पत्र्यातली भोके बुजवली. आणि यापुढे विमान बाहेर, माळावर बांधूनच इंजिन चालवायचे, असा नियम झाला.

मग तापाकडे वळलो. भाच्याने मला शेताच्या भाषेत समजावले. पुढून आलेली हवा इंजिनाच्या वर साठायची, नळकांड्यांच्या कंगोऱ्यांमधून खाली उतरायची आणि मागून बाहेर पडायची, असा हा पाट आहे. पण पाटाला उंदराने भोके पाडली तर शेवटचा वाफा कोरडा राहणारच. आडोशाच्या पत्र्यांना त्याने ट्यूबचे रबर लावले होते. ते उष्णतेने कडक होऊन उचलले गेले होते आणि हवा कंगोऱ्यांकडे न जाता त्या फटींतून पळत होती. आम्ही उष्णता सोसणारे सिलिकॉनचे रबर लावले आणि फट न फट बुजवली. नंतर अक्काचे धुराडे! तापलेली हवा फुगते, म्हणून बाहेरचे दार आतल्यापेक्षा मोठे हवे. भाच्याने ते लहान ठेवले होते, आणि जुनी धुराची नळी नेमकी तिथेच आडवी येत होती. दार वाढवले आणि नळी खाली वळवली.

परीक्षेला भाच्याने पारदर्शक नळीचा वाकडा 'यू' केला, त्यात रंगीत पाणी भरले, एक टोक इंजिनाच्या वर आणि दुसरे खाली. दोन्हीकडच्या पाण्यात जेवढा फरक, तेवढा हवेचा जोर. दुरुस्तीपूर्वी तो बोटभर होता. भाऊबीजेच्या सकाळी, माळावर, तो दोन बोटे झाला. नळी धरण्याचा मान माझा होता. काटा चढला, १८० च्या पुढे रेंगाळला आणि तिथेच बसला. दहा मिनिटे झाली, वीस झाली. मागचे डावे नळकांडे शहाण्यासारखे वागत होते. दाजी बांधावर उभे होते. चाळिसाव्या मिनिटाला इंजिन बंद झाले तेव्हा त्यांनी येऊन पंख्याला हात लावला आणि म्हणाले, "कागदांचं बघू आता."

दुपारी अक्काने मला ओवाळले. ओवाळणीला म्हणून मी पुण्याहून साडी नेली होती. ती मी दिलीच, पण तबकात पैशांचे एक पाकीट वेगळे टाकले. विषारी धूर आला की ओरडणारे एक लहानसे यंत्र मिळते, ते आसनासमोर बसवण्यासाठी.

अक्काने पाकीट उघडून पाहिले. मग मुलाला हाक मारून ते त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "आधी हे आण. मग मामाला लाडू दे."